स्टिअरिक आम्ल : साबणाच्या साक्यापासून प्रेसमडपर्यंत

(ऊस विकास विभागाकडून)



शेतकी खात्याकडे सभासदांचे जे प्रश्न येतात, त्यांतले काही दरवर्षी ठरलेले असतात. प्रेसमड ट्रॉलीतून उतरवून तसाच सरीत ओढला तर बिघडलं कुठं? निंबोळी तेलात साबण घालूनसुद्धा बोअरच्या पाण्यात तेल वरच का तरंगतं? नेकनूरच्या बाजारात पेंडवाल्याकडे बायपास फॅट म्हणून पांढरी पावडर मिळते, ती बैलाला चारावी का? हे प्रश्न एकमेकांपासून फार लांबचे दिसतात. पण तिन्हींच्या मागे एकाच कुळातले पदार्थ उभे आहेत, आणि त्या कुळाची ओळख झाली की उत्तरे आपोआप उलगडतात. म्हणून या अंकात आम्ही त्या कुळातल्या एका नामांकित पदार्थाची, म्हणजे स्टिअरिक आम्लाची, माहिती देत आहोत.

नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आम्ल म्हटले की आपल्याला बॅटरीतला तेजाब आठवतो. हे तसले नव्हे. स्टिअरिक आम्ल हातावर घेतले तरी भाजत नाही. ते पांढरे, मेणासारखे, हाताला गुळगुळीत लागणारे असते आणि बाजारात बहुधा पापुद्र्यांच्या किंवा दाण्यांच्या स्वरूपात पोत्यातून येते. सुमारे ६९ अंश सेल्सिअसला ते वितळते. पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, पाण्यात विरघळत नाही, गरम अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. मग याला आम्ल का म्हणायचे? तर त्याच्या कणाचे एक टोक सोडा, चुना अशा अल्कलीशी जुळते आणि त्यांचा क्षार तयार होतो. आम्लाचा हाच धर्म. तेजाबाचा क्षार होतो तसा याचाही होतो, आणि याच्या सोड्याबरोबरच्या क्षाराला आपण साबण म्हणतो.

याच्या एका कणात कर्बाचे १८, हायड्रोजनचे ३६ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. उसाच्या टिपरीला जशा एकापुढे एक कांड्या, तसे कर्बाचे अठरा अणू एका रांगेत, आणि शेवटच्या अणूवर ऑक्सिजनचे ते आम्लाचे टोक. रांगेतल्या प्रत्येक कर्बाला जेवढे हायड्रोजन धरता येतात तेवढे त्याने धरलेले असतात, एकही जागा रिकामी नाही. म्हणून याला संपृक्त मेदाम्ल म्हणतात. संपृक्त म्हणजे पुरते भरलेले. ओलिक आम्लातही कर्ब अठराच, पण मधल्या एका ठिकाणी दोन हायड्रोजन कमी. तेवढ्याने साखळीला तिथे वाक येतो, आणि ओलिक आम्ल १३-१४ अंशालाच वितळते. म्हणजे आपल्याकडे बहुतेक वर्षभर ते पातळच.

एका वाकाने एवढा फरक कसा पडतो, हे ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको. सरळ वाढलेला ऊस ट्रॉलीत कसा घट्ट रचला जातो आणि लोळलेला, वाकडातिकडा ऊस कसा पोकळ बसतो, हे आपण दर हंगामात बघतो. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, त्यांना सुटे करायला जास्त उष्णता लागते. वाकड्या साखळ्या घट्ट बसतच नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. थंडीत घरातल्या बाटल्या बघा. करडईचे तेल वाहते राहते, कारण त्यात संपृक्त मेदाम्ले शंभरात दहासुद्धा नसतात. निंबोळीचे तेल मात्र दाट होते, तळाशी पांढरट साका धरते, कारण त्यात स्टिअरिक आणि त्याचा सोळा कर्बांचा भाऊ पामिटिक मिळून सुमारे एक तृतीयांश असतात. खोबरेल गोठते ते आणखी आखूड, बारा कर्बांच्या लॉरिक आम्लामुळे.

कुठे सापडते

हे आम्ल निसर्गात मोकळे फारसे सापडत नाही. एका खुंट्याला तीन दावी बांधावीत तशी तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला बांधलेली असतात, आणि त्या बांधणीलाच आपण तेल, तूप किंवा चरबी म्हणतो. ही गाठ प्रथम नीट उकलून दाखवली ती शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. डुकराच्या चरबीच्या साबणावर त्याने १८११ साली काम सुरू केले आणि १८२३ साली चरबीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टिअरिक हे नावही चरबीच्या ग्रीक शब्दावरूनच पडले. १८२५ साली त्याने गे-ल्युसॅकबरोबर या आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. तोवर गरिबाच्या घरी चरबीची मेणबत्ती जळे. ती धूर करी, वास मारी आणि उन्हाळ्यात वाकून पडे. हा शेव्रल १०२ वर्षे जगला!

जनावरांच्या चरबीत स्टिअरिक साधारण पाचवा हिस्सा असते. लोण्या-तुपात दहा-बारा टक्के, त्यात पामिटिक मात्र पंचवीस-तीस टक्के. पामतेलात पामिटिक भरपूर, स्टिअरिक चार-पाच टक्के. चॉकलेट ज्यापासून करतात त्या कोकोच्या लोण्यात सुमारे तिसरा हिस्सा स्टिअरिक असते. पण खरा मान आपल्याच राज्याच्या कोकणातल्या कोकमाला द्यावा लागेल. कोकमाच्या बियांत वजनाच्या सुमारे पाव हिस्सा तूप निघते आणि त्या तुपात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असते. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला तवंग काढून हाताने त्याचे गोळे वळतात. तेच मुठेल किंवा भिरंडेल. कोकणी माणूस ते भेगाळलेल्या टाचांना लावतो. साध्या तापमानाला घट्ट, पण अंगाच्या उबेला मऊ पडणारे, त्यामुळे भेगेत बसते आणि वाहून जात नाही. ऐन थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या तोडणी कामगारांना याहून उपयोगी वस्तू क्वचितच असेल. कोकणात कोणी जाणार असेल तर टोळीसाठी दोन-चार गोळे जरूर मागवावेत. कोकमाचे झाड मात्र आपल्या कोरड्या हवेत मागवू नये, ते इथे रमणारे नाही.

कारखान्यात हे आम्ल काढताना तेल किंवा चरबी मोठ्या दाबाखाली सुमारे अडीचशे अंशाच्या उष्णतेत पाण्याबरोबर ठेवतात. पाणी खुंट्याची दावी सोडवते, ग्लिसरीन एकीकडे आणि मेदाम्ले दुसरीकडे होतात. मग ऊर्ध्वपातनाने, म्हणजे आसवनीत अल्कोहोल काढतात त्याच तत्त्वाने, आम्ले वेगळी करतात. महाराष्ट्रात अंबरनाथला गोदरेजचा असा मोठा कारखाना आहे. पोत्यावर स्टिअरिक लिहिलेले असले तरी आत ते एकटे नसते. व्यापारी मालात बहुधा पामिटिकचा वाटा मोठा असतो, कधी कधी निम्म्याहून अधिक.

पातळ तेलाला निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन देऊनही स्टिअरिक करता येते. वाकड्या साखळीतली रिकामी जागा भरली की ती सरळ होते. १९३७ साली बाजारात आलेला डालडा हा याच क्रियेचा प्रकार, पण अर्धवट केलेला. अर्ध्यावर थांबवले की काही साखळ्या भरत नाहीत, पण वेड्यावाकड्या रीतीने सरळ होतात. तेच ते बदनाम ट्रान्स मेद. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-वनस्पतीतील ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा आहे. क्रिया पूर्ण केली तर ट्रान्स मेद जवळजवळ राहत नाही, उरते ते मुख्यतः स्टिअरिक.

उद्योगात याचा वापर इतका आहे की यादी कंटाळवाणी होईल. बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या टायरच्या रबरात जस्ताच्या भस्माबरोबर शेकडा एक-दोन भाग स्टिअरिक घालतात, तेव्हा गंधक रबराला नीट धरतो. पीव्हीसी पाईप यंत्रातून गुळगुळीत सुटावा म्हणून त्याचा चुन्याचा क्षार वापरतात. औषधाच्या गोळ्या साच्याला चिकटू नयेत म्हणून मॅग्नेशियमचा. आपल्या आई-आजी तोंडाला ‘स्नो’ लावत, त्या जातीच्या क्रीमचा आधारही हेच आम्ल. आता ज्यात आपल्या खिशाचा संबंध आहे तिकडे वळू.

साबण आणि बोअरचे पाणी

साबण म्हणजे मेदाम्लांचा सोड्याबरोबरचा क्षार. स्टिअरिक-पामिटिक जास्त असले की वडी कडक होते आणि हळू झिजते. पोटॅश वापरले तर साबण मऊ राहतो. पूर्वी अशा कडक साबणाला चरबी सर्रास लागे. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १९१८-१९ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा चरबी न चालणाऱ्या घरांची मोठी सोय झाली.

साबणाचे काम त्याच्या दोन टोकांमुळे होते. सोड्याकडचे टोक पाण्याला धरते, लांब शेपूट तेलाला धरते. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले राहतात. निंबोळी तेलाची फवारणी सगळी यावरच उभी आहे. पण बालाघाटाच्या काळ्या दगडातून येणाऱ्या आपल्या बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. साबण पडला की चुना सोड्याला बाजूला सारतो आणि स्वतः मेदाम्लाला चिकटतो. तयार होतो कॅल्शियम स्टिअरेट आणि त्याची भावंडे. हा क्षार पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या काठाला जो राखाडी, चिकट साका बसतो तो हाच. आपण पैसे देऊन आणलेला साबण फेस व्हायच्या आधीच साका होऊन बसलेला असतो.

धुण्याच्या वेळी हे नुकसान चार आण्यांचे. फवारणीच्या वेळी ते पिकाचे होते. पंपात साबण फुटला की तेल वर येते. मग पहिल्या सऱ्यांना नुसते पाणी जाते आणि शेवटच्या सऱ्यांना निव्वळ तेल. पहिल्या सऱ्यांतली कीड मरत नाही, शेवटच्या सऱ्यांची पाने करपतात, आणि शेतकरी म्हणतो, निंबोळी तेलात काही दम नाही. तेलात दम आहे, पाण्यात चुना आहे. शिवाय साका नोझलमध्ये अडकतो ते वेगळेच.

लोकरी माव्याच्या वेळी हा प्रकार फार झाला. सांगली भागात २००२ साली दिसलेला हा मावा पुढच्या दोन-तीन हंगामांत राज्यात दूरवर पसरला. त्याच्या अंगावरची पांढरी लोकर ही लोकर नव्हेच. तो किडीने स्वतःच्या अंगातून सोडलेला मेणाचा धागा असतो. ते मेण स्टिअरिक आम्ल नव्हे, पण त्याच स्वभावाचे, लांब साखळीचे. त्यावर नुसते पाणी ओतले तर घरंगळून जाते. पाणी टेकायचे असेल तर पसरवणारा पदार्थ चांगलाच हवा, आणि नेमका तोच आपल्या पाण्यात फुटतो. शेवटी लोकरी माव्याला आटोक्यात आणण्यात औषधांपेक्षा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा वाटा मोठा ठरला, हेही सांगितले पाहिजे. कोठे पुन्हा लोकर दिसली तर पानाखाली या किडींच्या अळ्या आहेत का, ते आधी बघावे आणि मगच पंपाला हात लावावा.

पाण्याची परीक्षा घरी होते. बाटली अर्धी भरून त्यात अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी चालेल. फेस न येता पाणी दुधाळ झाले आणि वर चोथा आला, तर त्या पाण्यात साबण घालून फवारणी करू नये. शेततळ्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. ते नसेल तर साबणाऐवजी कृषी सेवा केंद्रात मिळणारे, चुन्याने न फुटणारे स्टिकर-स्प्रेडर घ्यावे आणि आधी एका डब्यात मिश्रण करून दहा मिनिटे ठेवून बघावे. तेल वेगळे झाले नाही तरच पंप भरावा.

ग्रीस

ग्रीस म्हणजे साबणात कोंडलेले तेल. साबणाच्या जाळीत तेल अडकून राहते आणि लागेल तसे सुटते. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण ९०-१०० अंशाच्या आसपास ते पातळ होऊन गळते. लिथियमच्या साबणाचे ग्रीस १८० अंशापर्यंत टिकते. या दुसऱ्या ग्रीससाठी लागणारे आम्ल एरंडेलाला हायड्रोजन देऊन करतात. ते स्टिअरिकचेच रूप, फक्त साखळीच्या मध्यावर ऑक्सिजनची एक जोड जास्त. म्हणजे आजोबा गाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण घालत, नातू ट्रॉलीच्या बेअरिंगला एरंडेलाचाच साबण भरतो.

मुद्दा असा की मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली ट्रॉली ब्रेकवर उतरते तेव्हा हबची उष्णता किती चढते, हे चालकाला ठाऊक असते. हबमध्ये स्वस्तातले चेसिस ग्रीस भरले असेल तर ते वितळून बाहेर येते, बेअरिंग कोरडे पडते आणि चाक जाम होते. ट्रॉली उसासकट रस्त्यावर आडवी होण्यात एखाद्याचा जीवही जातो. चाकाच्या बेअरिंगला लिथियम ग्रीसच भरावे. जुने ग्रीस पूर्ण पुसून काढावे, दोन जातींचे मिसळू नये, मिसळले की जाळी मोडते आणि दोन्ही पातळ होतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी हे काम उरकून घ्यावे.

जनावरांचा बायपास फॅट

आता बाजारातल्या पांढऱ्या पावडरीकडे. बायपास फॅट म्हणजे मेदाम्लांचा, बहुधा पामतेलातल्या पामिटिक-ओलिक-स्टिअरिकचा, चुन्याबरोबरचा क्षार. म्हणजे बादलीच्या काठचा जो साका आपण खरडून फेकतो, त्याचाच स्वच्छ आणि शुद्ध केलेला भाऊ. फेकायची वस्तू खुराकात कशी आली, हे समजून घेण्यासारखे आहे.

व्यालेल्या जातिवंत गाई-म्हशीला दुधासाठी जेवढी शक्ती लागते तेवढी ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत खाऊ शकत नाही. मग ती अंगावरची चरबी जाळते, हाडे दिसू लागतात, माजावर वेळेवर येत नाही. धान्य वाढवावे तर पोटात आम्ल वाढून खाणे सुटते. तेल पाजावे तर दुसरा घोटाळा. जनावराच्या मोठ्या पोटात चारा कुजवणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. मोकळे तेल चाऱ्याच्या धाग्यावर पसरते आणि त्या जीवांनाही बाधते, त्यामुळे कडबा पचेनासा होतो. आपल्याकडे जनावराला तेल पाजण्याची चाल आहे, पण अशा वेळी ते प्रमाणाबाहेर गेले तर दूध वाढण्याऐवजी घटते.

चुन्याचा क्षार मोठ्या पोटातल्या जवळजवळ सम पाण्यात विरघळत नाही, त्या जीवांना न छेडता पुढे सरकतो. पुढच्या खऱ्या जठरात आम्ल तीव्र असते, तिथे चुना सुटतो, मेदाम्ल मोकळे होते आणि आतड्यात शोषले जाते. मोठ्या पोटाला वळसा घालून जाते, म्हणून बायपास. त्याच वजनाच्या धान्यापेक्षा यातून दुपटीहून जास्त शक्ती मिळते.

पण ही पावडर सगळ्यांसाठी नाही. दिवसाला दहा-बारा लिटरच्या वर दूध देणारी संकरित गाय किंवा चांगली दुधाळ म्हैस असेल तर व्याल्यापासून तीन महिने, दिवसाला १०० ते २०० ग्रॅम, ५० ग्रॅमपासून हळूहळू वाढवत द्यावी. सोबत क्षारमिश्रण आणि पोटभर चारा हवाच. देवणी किंवा लाल कंधारी गाय घरच्यापुरते दूध देत असेल तर तिला याची गरज नाही. आटलेल्या जनावराला नाही, वासराला नाही, आणि बैलाला तर नाहीच. तोडणीच्या हंगामात गाडीला जुंपलेल्या बैलाला कडबा, पेंड, मीठ, पाणी आणि विसावा वेळेवर मिळाला पाहिजे. त्या ऐवजी महागडी पावडर देऊन भागत नाही. विक्रेता ‘बैलालाही चालते’ म्हणतो, त्यात त्याचा फायदा असतो.

प्रेसमड

शेवटी आपल्या कारखान्याच्या दारातली गोष्ट. काही सभासद प्रेसमडला मळी म्हणतात. मळी म्हणजे मोलॅसिस, ते पातळ आणि ते आसवनीकडे जाते. प्रेसमड म्हणजे रस निवळताना खाली बसलेला, फिल्टरवर गाळलेला काळपट गाळ. एक टन उसामागे तो साधारण ३० ते ४० किलो निघतो.

उसाच्या कांडीवर, विशेषतः पेराच्या खाली, जो पांढरा भुरा असतो ते मेण. पाणी बाहेर उडू नये म्हणून उसाने घातलेला तो अंगरखा. स्टिअरिकची साखळी अठरा कर्बांची, तर या मेणात त्याहून बऱ्याच लांब संपृक्त साखळ्या असतात, आणि सोबतच्या चरबीच्या भागात पामिटिक, स्टिअरिक वगैरे येतात. गाळपात हे मेण काही चोथ्याबरोबर जाते, काही रसात उतरते. रसाला चुना घालून तो शंभर अंशाच्या वर तापवतात तेव्हा मेण वितळते, गाळाच्या कणांना धरते आणि त्यांच्याबरोबर खाली बसते. थंड झाले की प्रत्येक कणावर त्याचा पातळ लेप राहतो. वाळलेल्या प्रेसमडच्या वजनात असे मेण ५ ते १४ टक्के भरते. पाच टनांची ओली ट्रॉली घेतली तर त्यात साडेतीन टन पाणी, दीड टन कोरडा माल, आणि त्या मालात पाऊण ते दोन क्विंटल मेण!

तेच मेण आपण कच्च्या प्रेसमडबरोबर सरीत टाकतो. वरचा थर वाळला की त्याची खपली धरते आणि पाणी त्यावरून निसटते. मेणाने लपेटलेला माल कुजायला वेळ घेतो. सगळा दोष मेणाचा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कच्च्या प्रेसमडमध्ये थोडी साखर उरलेली असते, ती आंबते आणि ढीग तापतो. कुजवणारे जीव स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि तेवढे दिवस ऊस पिवळा पडतो. कोवळ्या कोंबाशी ताजा प्रेसमड लागला तर मुळे भाजतात. मग शेतकरी युरिया वाढवतो, म्हणजे फुकटच्या खतावर पुन्हा पैसे घालतो.

हाच प्रेसमड कुजवला तर त्यासारखे खत नाही. त्यात स्फुरद चांगला, चुना आणि गंधक आहे, नत्रही बऱ्यापैकी आहे. ढीग तापून साठ अंशाच्या वर जातो तेव्हा मेण मऊ पडते आणि सूक्ष्मजीव ते हळूहळू खाऊ लागतात. जी उष्णता शेतात कोंब भाजते तीच ढिगात आपले काम करते.

उसाचे मेण वेगळे काढून विकता येणार नाही का, असे जाणकार सभासद विचारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्युबा आणि अमेरिकेतल्या लुईझियानात ते काढले गेले. क्युबाने पुढे १९९० च्या दशकात त्यातल्या अल्कोहोलांपासून कोलेस्टेरॉलवरचे औषधही केले, पण त्याचे मोठमोठे दावे इतर देशांतल्या चाचण्यांत टिकले नाहीत. मेण काढायला ज्वालाग्राही द्रावक आणि खर्चिक यंत्रे लागतात. आमच्या मते सभासदाचा फायदा आज तरी खतातच जास्त आहे.

कुजवण्याची रीत अवघड नाही. शेताच्या कडेला, उंचवट्यावर, चार-पाच फूट रुंद आणि तीन-चार फूट उंच लांबट ढीग लावावा. त्यात पाचट तोडून किंवा शेणखत मिसळता आले तर उत्तम, हवा खेळते. दर टनाला एक किलो कंपोस्ट जिवाणू शेणकाल्यातून द्यावेत. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल ठेवावी. आठ-दहा दिवसांनी ढीग उलटावा. पहिल्या उलटणीला वास येतो, माशा येतात, घाबरू नये. दीड ते दोन महिन्यांत ढीग थंड होतो, रंग गडद आणि वास मातीचा होतो. तयार झाला की नाही, हे बघायला एक ढेकूळ सावलीत वाळवून त्यावर चमचाभर पाणी सोडावे. पाणी चटकन जिरले तर माल तयार समजावा. थेंब धरून थांबले तर अजून पंधरा दिवस द्यावेत.

तयार खत एकरी दोन ते तीन टन, लागणीपूर्वी सरीत मातीआड करावे. जागा नसल्याने कच्चाच माल टाकणे भाग असेल तर तो उभ्या पिकात टाकू नये. मोकळ्या रानात पातळ पसरून, नांगरून मातीत मिसळावा आणि लागणीपूर्वी निदान दीड-दोन महिने, ओल देऊन, रान तसेच ठेवावे. खोडव्यात बुडख्यांवर कच्च्या प्रेसमडचे ढीग ओतून ठेवण्याची पद्धत नेकनूर गटात अजूनही दिसते, ती या हंगामापासून बंद करावी. ट्रॉलीची मागणी नोंदवतानाच ढिगाची जागा कोणती, हे गट कार्यालयात सांगावे, म्हणजे आमचे कर्मचारी ढीग लावताना हजर राहतील.